केशर पाहुणीचं भाकीत खरं करते

कुंभारवाड्याच्या अलीकडे, डोंगराच्या या अंगाला केशरचं घर आणि त्या अंगाला तिच्या धाकट्या जावेचं, फुलाचं. वाटेत ओढा, ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव. सख्ख्या भावांनी घरं इतकी लांब का बांधली, असं कुणी विचारलं तर केशरचा नवरा लाडू सांगायचा, "घरं जवळच व्हती, ह्या दोघींनी डोंगर मधे आणून ठेवला." दिवसाला एवढं एक वाक्य बोललं की लाडूचं काम संपायचं. मग तो सुपारी कातरत बसायचा.

सुप्याच्या धरणात पाणी भरून पाच-सहा वर्षं झाली होती. त्या साली दसऱ्याच्या तोंडावर जोयड्याहून एक जीप आली आणि केशरच्या अंगणात थांबली. तीतून तिघं उतरली. धारवाडचे एक मोठे सर, डोक्यावर रुंद कडांची गवती हॅट. त्यांच्या हाताखालची शकुंतला, बेळगावची, चष्मा लावलेली, वाळकी. आणि पुंडलिक, जवळच्या रामनगरचाच पण शिकून साहेब झालेला, त्यामुळे पायात बूट आणि प्रत्येक वाक्याला मान हलवणारा. बिचाऱ्याच्या मानेला दिवसभर विश्रांती म्हणून नव्हती.

मोठ्या सरांनी अंगणातल्या बाकावर बसून सगळं नीट समजावून सांगितलं. या दोघांनी कंप्युटरवर एकेक मॉडेल बनवलंय, म्हणजे रानाचा पुढचा हिशेब. त्यात पाऊस घातलाय, झाडं घातलीत, धरणाचं पाणी घातलंय, नवे रस्ते घातलेत. त्यातून कळतं की पुढे रानात काय राहील आणि रानाकडून माणसांना काय मिळेल. मध किती, फळं किती, ओढ्याला पाणी किती. पण गंमत अशी, की रान एकच आणि हिशेब दोन. शकुंतलाचं मॉडेल म्हणतं, वर्षभरात इथली मोहोळं निम्म्याहून कमी होतील. पुंडलिकचं म्हणतं, धरणाच्या ओलाव्यानं फुलोरा वाढेल आणि मोहोळं दुप्पट होतील.

"आज मोजू, पुढच्या दसऱ्याला पुन्हा मोजू," सर म्हणाले. "ज्याचं मॉडेल जवळ येईल, तो पाच वर्षं इथं राहून काम करेल. दुसऱ्यानं घरी जायचं."

"आणि मोहोळं आहेत तेवढीच राहिली तर?" पुंडलिकनं मान हलवत विचारलं.

"हाय तेवढंच ऱ्हाणार," पडवीतून लाडू म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं वाक्य झालं. कुणी लक्ष दिलं नाही.

केशरला सगळं कळलं. अगदी नीट कळलं, आणि तिथंच घोटाळा झाला. न कळतं तर ती गप्प बसली असती.

शकुंतला केशरकडे राहिली. ही बातमी डोंगरापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. थोरल्या जावेकडे शिकलेली पाहुणी, आणि आपल्याकडे नुसती कोंबडी! फुला त्याच दिवशी येऊन पुंडलिकला बॅगेसकट घेऊन गेली. त्याला विचारलंसुद्धा नाही. तो बहुतेक मान हलवतच गेला असावा. मग जो जिथं राहिला त्यानं त्या अंगाची मोहोळं मोजायची, असं ठरलं.

केशरची एकुलती एक लेक खानापूरकडे दिली होती. ती गेल्यापासून घरात चूल, मांजर आणि लाडू, एवढेच जीव. त्यातलं मांजर जरा बोलकं होतं. अशा घरात ही पोरगी आली. सकाळी झाडांना रंगीत दोऱ्या बांधायला जायची, दुपारी फुलं मोजायची आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून चहा पीत दिवसभराचं सगळं सांगायची. कुठली माशी कुठल्या फुलावर बसली, कशी बसली, किती वेळ बसली. केशरला माशीत काडीचा रस नव्हता, पण ती हुंकार देत राहायची. कंप्युटरमधून निघालेला भोकाभोकांचा लांबलचक कागद पोरगी जमिनीवर पसरायची, तेव्हा केशर मांजराला त्यावर बसू द्यायची नाही, लाडूला तर नाहीच. शिमगा आला तोवर अशी वेळ आली होती की पोरगी अंधार पडेपर्यंत परतली नाही तर केशर साकवापर्यंत जाऊन हाका मारायची. ही आता इथंच राहावी, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. देवाकडे आयुष्यात तिनं फार काही मागितलं नव्हतं, कारण देव लाडूसारखाच सावकाश असतो असा तिचा अनुभव होता.

शिमग्यालाच फुला भेटली. नव्या लुगड्यात, आणि बोलणं पण नवंच.

"आक्का, तुमच्या पाहुणीला सांगा, सामान बांधायला घे म्हणून. आमच्या सरांची मोहोळं वाढायलीत."

"अशी कशी वाढायलीत? झाडावर खत घातलंस काय?"

"घातलं काय न्हाई. मडकी बांधली नुसती." फुला खुशीत बोलून गेली आणि मग जीभ चावली.

केशरनं दुसऱ्या दिवशी लाकडाचं निमित्त काढून डोंगर ओलांडला आणि पाहिलं. फुलाच्या आवारातल्या फणसाला, आंब्याला, अगदी गोठ्याच्या वाशालासुद्धा मडकी टांगलेली. आतून मेण चोळलेलं, तोंड कापडानं बांधून बोटभर भोक ठेवलेलं. सातेरी मधमाशीला असं आयतं घर मिळालं की ती कशाला झाडाची ढोली शोधत बसेल? केशरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्याचं भाकीत खरं करायला फुला माश्यांना घरं बांधून देतेय आणि आपण मात्र रान आपोआप काय करतंय ते बघत बसलोय!

केशरच्या सासूनं मरताना दोन गोष्टी तिच्या हवाली केल्या होत्या. एक तांब्याचा हंडा आणि दुसरा रिवाज. या घरात जेवलेल्या माणसाचा शब्द बाहेर खाली पडता कामा नये. हंडा गळायला लागला होता. रिवाज शाबूत होता. पाहुणी म्हणाली मोहोळं कमी होणार, तर मोहोळं कमी झाली पाहिजेत. आता त्या माश्यांना ते कळत नसेल तर त्यांना कळवायला हवं.

तिनं जुनं मातीचं धुपाटणं काढलं. त्यात नारळाच्या शेंड्या, वाळलेलं शेण आणि वर ओला पाला. पहिल्या दिवशी तिनं गोठ्याच्या तुळईतलं मोहोळ उठवलं, मग नाण्याच्या झाडाच्या ढोलीतलं, मग वारुळातलं. माश्या भणभण करत घिरट्या घालायच्या, रुसायच्या आणि एक दिवस सगळं बिऱ्हाड उचलून डोंगरापलीकडे निघून जायच्या. पुन्हा येऊ नयेत म्हणून केशर रोज सकाळी अंगणभर धूर करायची.

"मावशी, एवढा धूर कशाला?" शकुंतलानं खोकत विचारलं.

"डास लई झाल्यात गं बाय."

"डास न्हाई मरायचे, पण आपण मरू," लाडू म्हणाला आणि सुपारी घेऊन ओट्यावरून गोठ्यात राहायला गेला.

शकुंतलाची मोजणी उतरत चालली. वारुळातलंही मोहोळ रिकामं झालं त्या संध्याकाळी ती पायरीवर नुसती बसून राहिली. केशर चहा घेऊन आली. तिचं मन अगदी भरून आलं होतं.

"झालं की गं तुझं खरं!"

"व्हय मावशी. खरं व्हायला लागलंय," शकुंतला म्हणाली आणि चहा तसाच ठेवून आत गेली.

साखर कमी पडली असणार, असं केशरला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं दोन चमचे जास्त टाकले. पोरगी तरी वाळतच चालली. शिकलेली माणसं आनंद वरवर दाखवत नाहीत, आत साठवतात, अशी केशरनं स्वतःची समजूत घातली. इतका आनंद आत साठला तर अन्नाला जागा कुठून राहणार?

मिरगाला केशरनं नेहमीसारखी तवशी लावली. आपण ज्याला मोठी काकडी म्हणतो ते तवसं. केशरच्या परसातली तवशी म्हणजे आख्ख्या कुंभारवाड्यात नाव. श्रावणात वेल मांडवभर पसरले, पिवळी फुलं लागली, केशर हरखली. मग फुलं गळली. पुन्हा लागली, पुन्हा गळली. बोटाएवढी काकडी धरायची, पिवळी पडायची आणि टपकन खाली. आणि डोंगरापलीकडून बातम्या यायच्या, की फुलाकडे तवशी इतकी लागलीत की मांडव मोडला, आता तिनं वेलांना फणसाचा टेकू दिलाय. केशरनं वेलावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. करणी कुणाची ते तिला पक्कं ठाऊक होतं, फक्त नाव घेत नव्हती.

चतुर्थी आली. थोरलं घर म्हणून गणपती केशरकडे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातलं, परसातलं सगळं बांधायचं, भिरंडं, कवंडळ, सुपाऱ्यांचे घड, शहाळी, आणि मधोमध घरचं तवसं. हीच माटोळी. त्या वर्षी केशरच्या माटोळीचा मध्य मोकळा होता. तेवढ्यात फुला आली, डोक्यावर टोपली. टोपलीत तवशीच तवशी.

"आक्का, तुमच्याकडं न्हाईत म्हणून आणली. थोरलं घर रिकामं दिसू नये."

मग तिनं स्वतःच्या हातानं एकेक तवसं बांधलं. मध्यभागी बांधलं, कडेला बांधलं, जिथं जागा नव्हती तिथंही बांधलं. माटोळी इतकी खाली आली की लाडूला आरती कमरेत वाकून करावी लागली. दर ओवाळणीला एक तवसं त्याच्या डोक्यावर ठक् करून आपटायचं. केशरनं आरतीभर डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, काय ही भक्ती!

रात्रीची भांडी घासताना शकुंतला शेजारी येऊन बसली. "मावशी, करणी-बिरणी काही नाही हो. माशी नाही तर फळ नाही. या फुलातली धूळ त्या फुलात माशीच नेते. माझ्या मॉडेलच्या दुसऱ्या पानावर हेच आहे. आधी मोहोळं जातील, मग फळं जातील."

केशरचा हात घासता घासता थांबला. म्हणजे तवशी फुलानं नव्हे, आपणच मारली. धुपाटण्यानं. ती तवशी तिच्या आईकडच्या बियांची होती. पण शेजारी बसलेल्या पोरीकडे तिनं पाहिलं आणि मनाशी ठरवलं. तवशी पुढल्या साली लावता येतील. पोरगी पुढल्या साली कुठून लावणार? दुसऱ्या सकाळी तिनं धूर दुप्पट केला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोठे सर आले. डोक्यावर तीच हॅट. मोजणी झाली होती आणि दोघं आपापले आकडे घेऊन बसली होती. केशरच्या अंगाला मोहोळं निम्म्याहून कमी, अगदी शकुंतलाच्या कागदात होती तशी. फुलाच्या अंगाला दुप्पट, अगदी पुंडलिकच्या कागदात होती तशी. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. तीस वर्षं या कामात होते, पण मॉडेल इतकं तंतोतंत जुळलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि इथं तर एकाच डोंगरावर दोन जुळली होती आणि तीही एकमेकांच्या उलट.

"बरोबरी झाली," सर म्हणाले. "आता मी स्वतः दोन्ही बाजू हिंडून बघतो. जिकडं पारडं झुकेल तो राहील."

केशर चहा द्यायला आली होती, तिनं ऐकलं. म्हणजे नुसतं आपलं अंग मोकळं करून भागणार नाही. पलीकडचीही मोहोळं उठवायला हवीत. आणि आजच.

तिनं धुपाटणं पेटवलं, टोपलीत ठेवलं, वर केळीचं पान झाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. कुणी विचारलं तर जावेला पुरणाचे कडबू द्यायला चाललेय म्हणून सांगायचं. गरीब बिचारी केशर, तिच्या ध्यानात आलं नाही की जिला अक्कल थोरलीएवढीच आहे ती धाकटीही या वेळी स्वस्थ बसलेली नसणार.

साकवाच्या मधोमध दोघी समोरासमोर आल्या. फुलाच्या डोक्यावर मडकं, मडक्याचं तोंड कापडानं घट्ट बांधलेलं.

"कुठं चाललीस गे फुला?"

"तुमच्याकडंच आक्का. दसऱ्याचं सोनं द्यायला."

"सोनं उद्या असतंय. आणि मडक्यातनं देत्यात व्हय?"

"लवकर आणलं. आणि तुमचं?"

"कडबू हायत. तुझ्यासाठी."

"कडबवातनं धूर येतोय आक्का."

"गरम हायत."

दोन ओंडक्यांच्या साकवावर दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. एकीनं मागं सरावं लागतं. आणि मागं सरण्याची पद्धत त्या घराण्यात नव्हती. केशर एक पाऊल पुढं आली. फुला एक पाऊल पुढं आली. टोपली मडक्याला टेकली, केळीचं पान जळून गेलं, मडक्याचं कापड सुटलं आणि धुराचा भपकारा थेट आत गेला. मडकं आधी गुणगुणलं, मग घुमलं, आणि मग आतलं सगळं बिऱ्हाड एकदम बाहेर आलं.

साकवाखाली, गुडघाभर पाण्यात, पाहणीला निघालेले मोठे सर पाय धूत उभे होते. काठावर शकुंतला आणि पुंडलिक वह्या धरून. माश्यांनी ओढ्यावर एक फेरी मारली, जागा शोधली आणि जवळपास सगळ्यात सोयीची वाटली ती रुंद कडांची हॅट. तिच्यावर त्या उतरल्या. उतरतच राहिल्या. थोड्या वेळानं हॅट दिसेनाशी झाली आणि सरांच्या डोक्यावर हलतं, भणभणतं, तपकिरी पागोटं आलं.

सर माश्यांवर चार पुस्तकं लिहून बसले होते, पण माश्या त्यांच्यावर बसण्याची ही पहिलीच वेळ. "कुणी हलू नका," ते आधी कानडीत म्हणाले, मग मराठीत, मग नुसतेच ओठ हलले. त्यामुळे पुढचं सगळं भांडण त्यांना जागच्या जागी उभं राहून ऐकावं लागलं.

"बघ, झालं का तुझ्या मनासारखं!" केशर ओरडली. "माझ्या अंगाला माशा सोडाय निघाली व्हतीस!"

"आणि तुम्ही काय, कडबू घेऊन माझी मोहोळं उठवाय निघालासा! वरीसभर धूर घालून घालून सगळ्या माशा माझ्याकडं हाकलल्या, मी काय बोलले?"

"तू मडकी लावून ओढून घेतल्यास म्हणून हाकलल्या!"

"तुम्ही हाकलल्या म्हणून मडकी कमी पडली! शेवटी घागर टांगावी लागली मला. सासूबाईंची!"

"मावशी," काठावरून शकुंतलाचा आवाज आला, "म्हणजे ते डास..."

केशरची मान खाली गेली. "डास नव्हते गं."

पोरगी मटकन खाली बसली. आता ही रागावणार, आताच्या आता सामान बांधणार, असं केशरला वाटलं आणि ती घाईनं काठाकडे वळली. साकव लटपटला. फुलानं तिचा दंड धरला.

"म्हणजे माश्या मेल्या नाहीत?" शकुंतलानं विचारलं.

"मरतील कशाला! फुलाकडं हायत. फुकटचं घर, गुळाचं पाणी. माजल्यात नुसत्या."

"म्हणजे मी चुकले!" शकुंतला हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मावशी, मी चुकले! अहो, मला ते खरं व्हायला नको होतं. कागदात आलं म्हणून मी सांगितलं. पण रोज मोजायला जाताना म्हणायची, देवा, माझं सगळं चुकू दे. आणि रोज एक मोहोळ कमी दिसायचं."

इतके महिने केलेला सगळा धूर एकदम डोळ्यांत जावा तसं केशरला झालं. न प्यालेला तो चहा तिला आठवला. पोरीसाठी म्हणून आपण रोज पहाटे उठून पोरीचं दुःखच फुंकत बसलो, हे तिला कळलं आणि तिथंच, साकवाच्या मधोमध, धुपाटणं हातात घेऊन ती रडायला लागली. फुलाला काय करावं कळेना, म्हणून तीही रडली. पलीकडे पुंडलिक, ज्याची दुप्पट मोहोळं आता नुसती पाहुणी निघाली होती, तोंड वासून उभा होता. पहिल्यांदाच त्याची मान हलत नव्हती.

"ह्या सगळ्याची चर्चा," पागोट्याखालून अगदी बारीक आवाज आला, "नंतर केली तर चालेल का?"

मग दोघी पाण्यात उतरल्या. फुलानं रिकामं मडकं सरांच्या डोक्यावर उपडं धरलं, आत मेण होतंच. केशरनं खालून अगदी मायेनं, हळू हळू धूर दिला, इतके महिने दिला तसा नव्हे. राणी आत गेली आणि मग बाकीच्या रांग लावून आत चढल्या. एकही माशी चावली नाही. सरांचा रंग परत यायला मात्र दोन कप चहा लागला.

केशरच्या ओट्यावर बसून सरांनी दोन्ही अंगांचे आकडे मिळवले आणि मागच्या दसऱ्याचे शेजारी लिहिले. बेरीज मागच्याइतकीच होती.

"म्हणजे कमी झाली नाहीत, वाढलीही नाहीत," ते म्हणाले. "मागच्या वर्षी होतं तेच या वर्षी. तिसरंच मॉडेल जिंकलं, आणि ते तर कुणी बनवलंच नव्हतं."

"मी पयल्या दिवशी सांगितलं व्हतं," लाडू गोठ्यातून म्हणाला.

सर उठून त्याच्याकडे गेले. "तुम्ही हे कशावरून सांगितलंत?"

"उठून बघाय कोण जातंय," लाडू म्हणाला. एका दिवसात दोन वाक्यं झाली म्हणून तो दमून आडवा झाला.

सर परत आले आणि केशरसमोर बसले. "बाई, समजा उद्या शकुंतला म्हणाली, पुढच्या वर्षी मोहोळं वाढतील. तुम्ही काय कराल?"

"वाढवीन की."

"आणि कमी होतील म्हणाली तर?"

केशरनं पोरीकडे चोरून पाहिलं. सकाळपर्यंत तिच्याजवळ याचं उत्तर तयार होतं. "तर... आधी हिलाच विचारीन, तुला खरं करून पायजे का खोटं."

"आणि ती काहीच बोलली नाही तर?"

"तर जेवलीस काय म्हणून विचारीन."

सर पुंडलिक आणि शकुंतलाकडे वळले. "पाऊस घातलात, झाडं घातलीत, धरण घातलंत. ह्या दोघी घालायच्या राहिल्या. आता कुणालाच घरी पाठवता येत नाही. पाच वर्षं दोघांनी इथंच राहायचं आणि हिशेब पहिल्यापासून मांडायचा. एकच अट. भाकीत घरातल्या बायकांना सांगायचं नाही."

केशरला पोरगी मिळाली. पण त्या अटीनं तिचा जीव मेटाकुटीला आणला. पोरीनं नव्या कागदात काय लिहिलंय कळेना, आणि कळल्याशिवाय मदत करता येईना. "नुसती मान हलव, पुंडलिकसारखी," ती म्हणायची. "वर की खाली, एवढंच." शकुंतला हसायची आणि चहा प्यायची. साखर आता पूर्वीएवढीच होती.

पुढच्या श्रावणात धूर नव्हता. माश्या हळूहळू परतल्या, नाण्याच्या ढोलीत, वारुळात, गोठ्याच्या तुळईत, जिथं आता लाडू आणि त्या शेजारी-शेजारी राहत होते. आणि एका सकाळी केशरला वेलाखाली हातभर तवसं दिसलं. आनंदानं तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हे पोरीच्या कागदात बसतं की नाही? तिनं गपचूप तवशावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं टाकलं. आठवडाभरात परसात डालगीच डालगी झाली.

"मावशी, एवढ्या कोंबड्या कधी घेतल्या?" शकुंतलानं विचारलं आणि एक डालगं उचललं.

केशर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "सांग बाय. बसत नसंल तर आताच्या आता भाजी करते. कुणाला कळायचं न्हाई."

पोरीनं दुसरं डालगं उचललं, मग तिसरं, मग पळत पळत सगळीच उचलत सुटली.

चतुर्थीला फुला नेहमीसारखी टोपली भरून आली आणि बघते तर माटोळी आधीच भरलेली. तरी तिनं आपलीही बांधली. परत कशाला न्यायची? लाडूनं त्या साली आरती गुडघ्यांवर बसून केली.

पंगतीत वाढताना केशर शकुंतलाच्या कानाशी वाकली. "आता तरी सांग. तुझ्या कागदात काय व्हतं? खरं झालं का?"

शकुंतलानं इकडेतिकडे पाहिलं. तोंडात मोदक होता. "चुकलं मावशी," ती हळूच म्हणाली. "साफ चुकलं."

केशरनं तिच्या पानात आणखी एक मोदक वाढला.